पापे पदरी घेताना भिंतीवरचा पडदा

वाचकाचा प्रश्न

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या शाळेत शिकवतात आणि रविवारी मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मदत करतात. गेल्या वर्षी मंडळीला प्रोजेक्टर भेट मिळाला, तेव्हापासून पाळकसाहेबांनी त्यांच्यावर दोन कामे सोपवली आहेत. दर रविवारी पापांगीकाराची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापे कबूल करण्याची, प्रार्थना लिहायची आणि उपदेशाबरोबर दाखवायची चित्रे तयार करायची. प्रार्थना त्या इंटरनेटवरच्या इंग्रजी नमुन्यांवरून मराठीत आणतात आणि चित्रे शोधून घेतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळातील एका रविवारी प्रार्थनेत ‘आमच्यातील जे व्यसनाच्या आहारी गेले आहेत त्यांना क्षमा कर’ अशी ओळ होती. मागे पडद्यावर दारूची बाटली आणि तिच्यापुढे मान खाली घालून बसलेला माणूस असे चित्र होते. प्रार्थना संपण्याआधीच एक कुटुंब उठून बाहेर गेले आणि त्यानंतर दोन रविवार ते आलेले नाही. काही वडीलजन आता पडदाच काढून टाका म्हणतात. तरुण संघातील मुले मात्र म्हणतात की चित्र मनाला लागले, म्हणजे त्याचे काम झाले. या भगिनी विचारतात, पापांगीकार परिणामकारक होण्यासाठी तो कसा लिहावा, चित्रे ठेवावीत की नाही, आणि ईश्वरविज्ञानाचे शिक्षण नसताना सगळ्या मंडळीच्या तोंडी आपण शब्द घालावेत का?

उत्तर

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. पापांगीकार लिहिण्यासाठी पदवी लागत नाही, पण लिहिणाऱ्याला स्वतःची जागा ठाऊक असावी लागते. तुमच्या जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले आणि पुढे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, मिशनही आले. पहिल्याची रीत मोकळ्या, मनातून आलेल्या प्रार्थनेची होती आणि दुसऱ्याची छापील उपासनापुस्तकाची. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या दोन्ही सवयी एका छपराखाली आल्या. त्यामुळे आपल्याकडे एका मंडळीत दर रविवारी तेच ठरलेले शब्द म्हणतात, तर शेजारच्या गावी पुढे उभा असलेला माणूस सुचेल तशी प्रार्थना करतो. वसईच्या एखाद्या कॅथोलिक धर्मग्रामात मिस्साच्या, म्हणजे तिथल्या उपासनेच्या, आरंभी काय लिहावे हा प्रश्न तुमच्यासारख्या कोणाला फारसा पडत नाही, कारण तिथला पापकबुलीचा मजकूर ठरलेला आहे. तुम्हाला तो पडतो, आणि ते स्वातंत्र्य जपून वापरावे लागते. मोकळ्या प्रार्थनेतला चुकलेला शब्द हवेत विरून जातो. पडद्यावर लिहिलेले वाक्य मात्र ऐंशी माणसे एका आवाजात स्वतःचे म्हणून उच्चारतात.

तुमच्या पत्रातला ‘परिणामकारक’ हा शब्द मला अडखळवतो. परिणाम म्हणजे काय व्हायला हवे होते? लोकांनी रडावे, त्यांच्या माना खाली जाव्यात, कोणी तरी उठून जावे? योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, आपल्या मराठी पवित्र शास्त्राने फार नेमका वाक्प्रचार वापरला आहे. आपण आपली पापे ‘पदरी घेतो’, असे तेथे म्हटले आहे. जे पदरी घ्यायचे ते आपणच पुढे होऊन घ्यायचे असते. कोणी ते आपल्या पदरात टाकले तर त्याला मराठीत पदरात माप घालणे म्हणतात, आणि ते निराळे प्रकरण आहे. त्या रविवारी तुमच्या हातून हेच निराळे प्रकरण घडले असे मला वाटते.

ती ओळ पुन्हा वाचा. ‘आमच्यातील जे व्यसनाच्या आहारी गेले आहेत त्यांना क्षमा कर.’ ही कबुली नाही. ही दुसऱ्याबद्दल केलेली तक्रार आहे आणि ती देवाच्या नावे पत्ता घालून पाठवली आहे. जो पीत नाही त्याला ती म्हणताना काहीच द्यावे लागत नाही. जो पितो त्याला ‘त्यांना’ या शब्दाने मंडळीतून बाहेर काढून उभे केले जाते. त्यात मागे बाटलीचे चित्र. गावात सगळी घरे एकमेकांना ठाऊक असतात, त्यामुळे कोणत्या बाकाकडे नजरा वळल्या असतील हे तुम्ही लिहिले नसते तरी मला कळले असते. तरुण म्हणतात त्याप्रमाणे चित्र लागले हे खरे आहे, पण ज्यांना आधीच पुष्कळ लागलेले होते त्यांनाच ते लागले.

नाथान संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही शब्बाथशाळेत मुलांना शिकवली असेल. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवले, तेव्हा नाथानाने राजासमोर बथशेबाचे नाव काढले नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तो एका गरिबाची आणि त्याच्या एकुलत्या कोकरीची हकीकत सांगतो. ती कोकरी त्याच्या ताटातले खायची, त्याच्या पेल्यातले प्यायची, त्याच्या उराशी निजायची. एका श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच उचलून नेली. राजा संतापतो आणि त्या श्रीमंताला शिक्षा सुनावतो, तेव्हा कुठे नाथान म्हणतो की तो माणूस तूच आहेस. उपदेशातले चित्र कसे असावे याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. नाथानाच्या चित्रात दाविदाचा चेहरा नव्हता, म्हणून दावीद त्यात स्वतःच्या पायांनी शिरला. तुमच्या चित्रात चेहरा होता. तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि बाकीचे ऐंशी जण सुखरूप बाहेर राहिले.

आता भाषेकडे येतो, कारण इंग्रजीवरून प्रार्थना आणताना काही खाचखळगे लागतात आणि ते सगळ्याच मंडळ्यांना लागतात. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत आणि प्रार्थनेत त्यांतला एकच चालतो. देवाशी बोलताना ‘आपण पाप केले आहे’ असे म्हटले, तर एक तर देवालाही पाप करणाऱ्यांत धरल्यासारखे होते, नाही तर आदरार्थी ‘आपण’ म्हणून सगळे पाप त्याच्याच माथी मारल्यासारखे होते. योहान विश्वासणाऱ्यांना लिहितो तेथे ‘आपण’ बरोबर आहे. दानिएल नवव्या अध्यायात देवाकडे तोंड करून प्रार्थना करतो तेथे ‘आम्ही’ आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आम्ही’च आहे. दानिएलाचे आणखी एक पाहा. सगळ्या शास्त्रात त्याच्यासारखा निष्कलंक माणूस विरळा, तरी तो ‘त्यांनी’ म्हणत नाही. नहेम्याही पहिल्या अध्यायात इस्राएलाचे पाप कबूल करता करता ‘मी व माझ्या बापाच्या घराण्याने’ असे स्वतःला त्यात धरतो. लिहून झाल्यावर आपल्या मजकुरात ‘ते’, ‘त्यांना’, ‘जे’, ‘काहीजण’ कोठे आले आहेत हे शोधून त्यावर पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा तेथे कबुलीच्या जागी उपदेश शिरलेला असतो.

दुसरा खळगा म्हणजे ‘त्या वेळांसाठी आम्हाला क्षमा कर जेव्हा आम्ही...’ ही वाक्यरचना. मराठी माणूस असे बोलत नाही आणि वृद्ध आजीच्या तोंडी ते बसतही नाही. ‘शेजारच्या घरी चूल पेटली नव्हती हे आम्हाला दिसले होते, आम्ही दार लोटून घेतले. प्रभू, आम्हाला क्षमा कर.’ हे तिला एकदा ऐकून म्हणता येईल. तिसरा खळगा मात्र आपला स्वतःचाच आहे. मराठीत जबाबदारी झटकण्याची फार मोठी सोय आहे: चूक ‘झाली’, शब्द ‘गेला’, हातून ‘घडले’. रोजच्या व्यवहारात ही नम्रता शोभते, पण पापांगीकारात कर्ता वाक्यात असायलाच हवा. आमच्याकडून बोलणे झाले असे म्हणू नये, आम्ही बोललो म्हणावे.

आणि काय बोललो, तेही सांगावे. ‘आमची सर्व पापे’ म्हणणे सोपे आहे, कारण सर्व म्हटले की एकही आठवावे लागत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रभूच्या प्रार्थनेत अपराधाला ‘ऋण’ म्हटले आहे. सोसायटीचे कर्ज काढलेल्या तुमच्या मंडळीला हे समजावून सांगायला नको की ऋण म्हटले की ते कोणाचे, कशासाठी आणि किती हे विचारले जाते. मात्र नेमकेपणा असा हवा की त्यात सगळ्यांना शिरता येईल आणि एकालाच कोंडीत धरले जाणार नाही. 1552 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात जी सामुदायिक कबुली घातली गेली, तिच्यात जे करायला हवे होते ते केले नाही हे आधी येते आणि जे करू नये ते केले हे नंतर. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. केलेल्या पापांत माणसे वेगवेगळी पडतात, न केलेल्यांत जवळजवळ सगळे एका रांगेत येतात. व्यसनाचाच विषय घ्यायचा असेल तर ओळ अशीही होऊ शकते: ‘आमचा भाऊ खचत होता, आम्ही त्याच्याविषयी बोललो, त्याच्याशी बोललो नाही.’ ही ओळ त्या कुटुंबालाही म्हणता आली असती आणि मागच्या बाकावरून कुजबुजणाऱ्यांनाही म्हणावीच लागली असती. आपल्या मंडळ्यांतली काही पापे तर आपण कबुलीत कधीच घेत नाही. सोयरीक जमवताना बाप्तिस्म्याच्या कित्येक पिढ्यांनंतरही जुनी जात हळूच विचारली जाते, हे त्यांतले एक. ते लिहिण्याआधी पाळकसाहेबांशी अवश्य बोला, पण कधी तरी लिहा.

पापांगीकारानंतर क्षमेचे वचन आलेच पाहिजे. तुमच्या पत्रात कबुलीनंतर लगेच महिला मंडळाच्या सभेची सूचना पडद्यावर आल्याचा ओझरता उल्लेख आहे. तुम्ही तो सहज केला असेल, पण माझ्या दृष्टीने बाटलीच्या चित्राइतकीच ती चूक गंभीर आहे. माणसांना पदर पसरायला लावून रिकाम्या पदराने परत पाठवू नये. क्षमेची घोषणा पाळकसाहेबांनी स्वतः करावी. ते नसतील आणि तुमच्यासारखे कोणी उपासना चालवत असेल, तर तेथे ‘तुमच्या पापांची’ न म्हणता ‘आपल्या पापांची’ म्हणावे, ही जुनी आणि योग्य रीत आहे. या ठिकाणी ‘आपल्या’ बरोबर आहे, कारण आता आपण देवाशी नव्हे, एकमेकांशी बोलत असतो.

आता पडदा. वडीलजनांचे म्हणणे मी पुरते मान्य करत नाही, पण त्यामागे एक खरी अडचण आहे आणि ती त्यांनी बोलून दाखवलेली दिसत नाही. आपल्याकडे प्रार्थना म्हटली की लोक डोळे मिटतात आणि बाया डोक्यावरून पदर घेतात. पडद्यावर वाचायचे तर डोळे उघडे ठेवून मान वर करावी लागते. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार वर डोळे करायलासुद्धा धजला नाही, दूर उभा राहून ऊर बडवत राहिला. त्याच्याच प्रार्थनेचे शब्द म्हणायला आपण लोकांना मान वर करून भिंतीकडे बघायला सांगतो! शिवाय ज्यांना वाचता येत नाही किंवा मोतीबिंदूमुळे दिसत नाही, ती माणसे नेमकी या वेळी गप्प राहतात. म्हणून माझी सूचना अशी की पापांगीकाराच्या वेळी पडदा काळा ठेवावा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचे इंग्रजी बी अक्षर दाबले की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले की परत येतो. पुढे उभ्या असलेल्या व्यक्तीने एकेक ओळ म्हणावी आणि प्रत्येक ओळीनंतर मंडळीने ‘प्रभू, आमच्यावर दया कर’ एवढेच म्हणावे. ते पाठ करावे लागत नाही. मध्ये एकदा शांतता ठेवा. किती वेळ, हे घड्याळावर मोजू नका. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश एकदा म्हणा, तेवढी पुरे. पहिल्या रविवारी लोक खोकतील, लहान मुले मागे वळून पाहतील आणि प्रोजेक्टर बिघडला असे समजून कोणी तरी वायर तपासायला उठेल. तिसऱ्या रविवारी उठणार नाही.

सगळ्यांनी संपूर्ण प्रार्थना एकत्र म्हणावी असाच मंडळीचा आग्रह असेल, तर मजकूर पडद्यावर द्या, पण मागे चित्र मुळीच नको. गडद निळ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवा आणि एका वेळी चार-पाच ओळींपेक्षा जास्त देऊ नका. ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त हवे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळ कोठे तोडता याला तर फारच जपा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि मी स्वतः एकदा असा घोटाळा केला आहे की ‘हे प्रभू, आम्ही तुझ्या आज्ञा पाळल्या’ एवढे एका स्लाइडवर राहिले आणि ‘नाहीत’ पुढच्या स्लाइडवर गेले. पुढची स्लाइड यायला वेळ लागला आणि भर उपवासकाळात सगळी मंडळी आपले नीतिमत्त्व देवाला सांगून वाट पाहत उभी राहिली. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की तिची अगम्य चिन्हे होतात. शेवटची प्रत पीडीएफ करून ठेवावी. आणि शनिवारी संध्याकाळी नव्हे, एखाद्या सकाळी उपासनेच्याच वेळी जाऊन पाहा, कारण दगडी चर्चच्या उंच खिडक्यांतून नऊ-दहाचे ऊन पडद्यावर आले की फिकी अक्षरे दिसतच नाहीत.

उपदेशाच्या चित्रांविषयी मी इतका कठोर नाही. पण एका उपदेशाला एक चित्र, फार तर दोन, यापेक्षा जास्त नको. आपल्याकडची कीर्तनाची परंपरा आठवा. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ताची कथा सांगायला कीर्तन जवळ केले, आणि कीर्तनकार हातात टाळ घेऊन नुसत्या शब्दांनी सगळा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो. पाळकसाहेब गालील समुद्राचे वर्णन करत असताना मागे समुद्राचे छायाचित्र लावले, तर ऐकणाऱ्याच्या मनात तयार होत असलेले चित्र पुसले जाते. शब्दांनी जे सहज सांगता येते ते दाखवू नका. ज्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले तर हळूहळू काही सापडते, तेच दाखवा.

उदाहरणार्थ, उधळ्या पुत्राच्या, म्हणजे बापाची मालमत्ता उडवून घरी परतलेल्या मुलाच्या, दाखल्यावर उपदेश असेल तर रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे, सतराव्या शतकातले, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातले चित्र घ्या. ते स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाले आहे. आधी सगळे चित्र दाखवू नका. मुलाच्या पायांचाच भाग मोठा करून दाखवा: एक जोडा गळून पडला आहे, तळवा उघडा आहे, दुसरा जोडा फाटून गेला आहे. तो किती दूरवरून चालत आला हे सांगावे लागत नाही. मग बापाचे दोन हात. नीट पाहिले तर ते एकसारखे नाहीत, आणि यावर लोकांना बोलू द्यावे. उजव्या बाजूला उभा राहून वरून बघणारा माणूस शेवटी दाखवा. त्याला अनेकजण धाकट्याच्या स्वागतावर रागावलेला थोरला भाऊ मानतात. कबुलीच्या दृष्टीने मंडळीतल्या बहुतेकांची जागा तीच आहे, आणि ते त्यांचे त्यांना दिसू द्या.

आपल्या मातीतले चित्र हवे असेल तर गोव्यात जन्मलेले आँजेलो द फोन्सेका यांची चित्रे पाहा. ते शांतिनिकेतनात शिकले, पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात बराच काळ राहिले, आणि त्यांची मरिया साडी नेसलेली आहे. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. मात्र ते 1967 मध्ये वारले आणि आपल्या कायद्यात हक्क मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, म्हणजे 2027 अखेरपर्यंत विचारल्याशिवाय वापरणे बरे नव्हे. इंटरनेटवर दिसले म्हणून फुकट आहे, हा समज आपल्या चर्चमध्येही पक्का बसला आहे. आणखी एक पथ्य म्हणजे ओळखीच्या माणसाचे, गल्लीचे, घराचे किंवा दवाखान्यातल्या रुग्णाचे छायाचित्र पडद्यावर कधीही आणू नका, मग हेतू कितीही चांगला असो.

तरुण चित्रांमुळे येतात, असे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रोजेक्टर येण्याआधी मागच्या बाकांवर किती मुले असत आणि आता किती असतात, हे प्रामाणिकपणे मोजा. माझा अनुभव असा की पडद्याकडे बघायला आलेली मुले महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा मोबाइलकडे बघू लागतात, पण ज्याला एकावन्नावे स्तोत्र वाचायला दिले तो मुलगा त्या रविवारी वेळेआधी येतो. प्रार्थना लिहिण्याच्या कामातही त्यांतल्या दोघांना घ्या, आणि एखाद्या वृद्ध आजीलाही घ्या. आजीला वाचून दाखवायचे, आणि तिला म्हणताना जिथे अडखळायला होईल ते वाक्य बदलायचे. मजकूर शुक्रवारपर्यंत पाळकसाहेबांच्या हाती द्या. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर तो आधी टाकू नका. पापांगीकारावर शनिवारी रात्री अंगठे उमटलेले बरे दिसत नाहीत.

राहिले ते कुटुंब. रविवारी पुढे उभे राहून त्यांची जाहीर क्षमा मागावी, असे तुम्ही पत्रात सुचवले आहे. तसे करू नका. त्याने बोट पुन्हा त्याच बाकाकडे जाईल. पाळकसाहेबांच्या पत्नीला बरोबर घेऊन तुम्ही त्यांच्या घरी जा. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नका. ‘मी ती ओळ लिहिली, मी ते चित्र लावले, माझे चुकले’ असे म्हणा आणि ते जे बोलतील ते ऐकून घ्या. घरोघरच्या प्रार्थनासभेच्या दिवशी मात्र जाऊ नका, कारण त्या दिवशी अर्धी मंडळी तुमच्याबरोबर असेल. एखाद्या साध्या दिवशी, शाळा सुटल्यावर जा.